कोऱ्या माथ्याची फाईल

ब्राझीलमधल्या एका माणसाच्या विमानाला पंख दिसत नव्हते. विमान उडायचं, गोळ्या झाडायचं, शत्रूला पाडायचं, पण पंखांच्या जागी नुसती हवा. बिचारा आठवडाभर डोकं धरून बसला. शेवटी त्याला कुणीतरी सांगितलं, पोस्टमास्तरांना विचार. त्यानं विचारलं आणि दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, तेही अस्सल सरकारी थाटाच्या इंग्रजीत. आपल्या कालच्या पत्राच्या संदर्भात कळविण्यात येते की, आपण पंखांचे फोल्डर त्याच नावाच्या दुसऱ्या फोल्डरच्या पोटात टाकले आहे, तरी ते बाहेर काढून योग्य जागी ठेवावे. त्यानं काढलं, पंख आले. मग त्यानं भरभरून आभार मानले आणि शेवटी लिहिलं, 'थँक यू, सर.'

हे सर म्हणजे आमच्या हिंगोलीच्या सरोजिनीबाई औंढेकर. वय चौसष्ट, पोस्टातून रिटायर, नाकावर घसरणारा चष्मा, आणि कुकरची तिसरी शिट्टी झाली की जगातला कुठलाही माणूस हवेत लटकत ठेवून उठणाऱ्या. इंटरनेटवरच्या त्या फोरमवर, म्हणजे कॉम्प्युटरवरचे खेळ खेळणाऱ्यांच्या चावडीवर, त्यांचं नाव 'हिंगोली पोस्टमास्तर' असल्यामुळं तिकडं सगळ्यांना वाटतं, कुणीतरी मिशाळ म्हातारा असणार. बाईंनी चार वर्षांत कुणाचा गैरसमज दूर केला नाही. दुरुस्तीशी त्याचा संबंध नाही, असं त्यांचं म्हणणं.

पस्तीस वर्षं त्यांनी पोस्टात काढली, आणि त्यातली बरीचशी अशा टेबलावर की जिथं धड पत्ता नसलेली पत्रं येऊन पडतात. 'भीमसिंग, नरसीजवळ, चहावाल्याच्या शेजारी' एवढ्यावर आलेलं पाकीट बाकीचे शिक्का मारून परत पाठवून मोकळे व्हायचे. सरोजिनीबाई व्हायच्या नाहीत. नरसीजवळ चहावाले किती, त्यातल्या कुणाच्या शेजारी भीमसिंग, हे जीपवाल्यांना विचारून विचारून काढायच्या आणि पाकीट पोचतं करायच्या. निघालेली वस्तू पोचली पाहिजे, यापलीकडं या बाईला दुसरं तत्त्वज्ञान नाही.

रिटायर झाल्या त्याच वर्षी मुलीचे, केतकीचे, जुने फोटो बघावेत म्हणून त्यांनी आतल्या खोलीतला तिचा कॉम्प्युटर सुरू केला. केतकीनं तो इंजिनिअरिंगला असताना घेतलेला. त्यावर एका कोपऱ्यात विमानाचं चित्र होतं, त्यावर चुकून बोट पडलं. दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांच्या लढाईचा तो जुना खेळ. खेळ काही सुरू झाला नाही, नुसता एक चौकोन आला. अमुक फाईल सापडत नाही. आता तुम्ही-आम्ही चौकोन बंद करून फोटो बघितले असते. पण 'सापडत नाही' हे शब्द या बाईपुढं उच्चारणं म्हणजे आ बैल मुझे मार. पाच दिवस त्या खोलीतून हलल्या नाहीत. सहाव्या दिवशी फाईल सापडली, विमान उडालं, बाईंनी ते एक गोल चक्कर मारून जमिनीवर आपटलं आणि त्यांचा त्यातला रस संपला. तेवढ्यात फोरमवर दुसऱ्या कुणाची तरी फाईल सापडेना.

झालं, तेव्हापासून हेच चाललंय. असल्या खेळांना लोक घरी बसून आपापली जोड देतात. कुणी नवं विमान बनवतं, कुणी जुन्याला नवा रंग, कुणी सगळा मुलूखच नवा उभा करतं. याला म्हणतात मॉड. आणि एकाचं मॉड दुसऱ्याच्या मॉडशेजारी सुखानं नांदेल तर शपथ. मग कुणाचं आकाश गुलाबी होतं, कुणाचा पायलट विमानाच्या बाहेर बसतो. हे सगळे रडत पोस्टमास्तरांकडं येतात. खेळ आपण काय केलं आणि कुठं अडलो, हे स्वतःच एका फाईलीत लिहून ठेवत असतो. त्याला लॉग म्हणायचं, म्हणजे आपला रोजनामा. शंभरातल्या नव्वदांचं दुखणं त्या रोजनाम्यात स्वच्छ लिहिलेलं असतं, आणि नव्वदातले एकोणनव्वद तो उघडतसुद्धा नाहीत. मला अशा लोकांचा भारी राग येतो. सरोजिनीबाईंना येत नाही. त्या प्रत्येकाला तेच उत्तर टाकतात, लॉग वाचला का? वरून वाचा. पहिल्या ओळीपासून.

स्वतः त्या खेळतात म्हणावं तर तेही नाही. दुरुस्ती बराबर झाली का हे बघण्यापुरतं उडवतात. चार वर्षांत त्यांनी एकच विमान पाडलं, तेही चुकीचं बटण दाबून, आणि ते आपल्याच बाजूचं होतं.

घरात मात्र या कीर्तीची कुणाला खबर नव्हती. घरात म्हणजे विष्णुपंतांना, कारण केतकी लग्न होऊन आयर्लंडला गेल्यापासून घरात दोघंच. विष्णुपंत पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले, मूळ सेनगावजवळच्या गोरेगावचे, कागदाला कागद लावून टाचणी मारण्यात ज्याला समाधी लागते असा माणूस. पाहुणे आले की आतल्या खोलीकडं हात करून सांगायचे, "ती विमानं खेळून राहिली." त्यात राग नसायचा, पण आत डोकावून बघण्याइतकी उत्सुकताही नसायची. विमान या वस्तूशीच त्यांचं जमत नव्हतं. विमानाशी कशाला, शिडीशीही जमत नव्हतं. माळ्यावरचं पातेलं काढायचं तर बाई वर चढायच्या आणि पंत खाली शिडी घट्ट धरून डोळे मिटून उभे राहायचे. लग्नानंतरच्या पहिल्याच दसऱ्याला हिंगोलीच्या प्रदर्शनात रहाटपाळण्यात बसले होते, तो त्यांनी मध्येच थांबवायला लावला. सगळं गाव वर लटकलेलं आणि हे एकटे खाली उतरून घराकडं चाललेले. त्यांना हसलेलं चालत नाही, म्हणून त्या प्रसंगावर बाई गेली छत्तीस वर्षं फक्त माहेरी, डोंगरकड्यालाच हसत आल्या.

यंदा केतकीला दिवस गेले. डब्लिनमध्ये बाळंतपण, सासूबाई थकलेल्या, तेव्हा आईबाबांनी सहा महिने यावं असं ठरलं. पंतांचा उत्साह काय सांगायचा. पासपोर्टचे फॉर्म त्यांनी भरले, व्हिसाचे कागद त्यांनी लावले, दोघांच्या दोन फाईली, आत अनुक्रमणिका, प्रत्येक कागदाच्या डोक्यावर श्री. व्हिसा आलाही. आणि तिकीट काढायची वेळ आली तसा हा माणूस एकदम गप्प झाला. दोन दिवसांनी जेवता जेवता म्हणाले, "सरोज, तू जा. मी इथं बघतो. घर बंद ठेवणं बरं न्हाई."

"घराला काय होतंय? पद्माबाई आहेत की शेजारी लक्ष द्यायला."

"तरी पण. तू जा."

"सहा महिने?"

"मी वरणभात करतो."

पंतांना वरण येत नव्हतं, हा मुद्दाच नव्हता. छत्तीस वर्षांत हा माणूस त्यांच्याशिवाय चार रात्रींच्या वर राहिला नव्हता, आणि त्यांनाही ते जमलं नव्हतं. नातवंडाला पहिल्यांदा हातात घेताना शेजारी हा माणूस नसेल, हे त्यांना मनात आणवेना. केतकीचा फोन आला. म्हणाली, शुक्रवारी संध्याकाळपर्यंत सांगा, एक तिकीट काढू की दोन, त्यानंतर भाव कुठल्या कुठं जाईल. तो दिवस रविवार होता.

समजावून हा माणूस ऐकणार नाही, हे बाईंना ठाऊक होतं. समजूत घालायला लागलं की पंत नियम दाखवतात. मग त्यांनी आपल्या पद्धतीनं जायचं ठरवलं. वर्षभर खपून त्यांनी एक मॉड केलं होतं, अख्खा हिंगोली जिल्हा. पंतांकडच्या कालव्यांच्या जुन्या नकाशावर कागद ठेवून कयाधू नदीचं वळण न् वळण गिरवलेलं. त्या खेळात हळद कुठून असणार, म्हणून युरोपातल्या कोबीच्या शेताला हिरवा रंग चढवून हळद केली होती. लिंबाळ्याच्या माळावर धावपट्टी, नरसीचं देऊळ, गोरेगावचा बाजार, सगळं जागच्या जागी. त्यात त्यांनी एक डाकोटा ठेवलं, दोन इंजिनांचं, गरीब स्वभावाचं, माणसं आणि पोती वाहणारं. आसपासच्या सगळ्या लढाऊ विमानांची सुट्टी करून टाकली. पंतांना आधी इथल्या इथं, आपल्याच गावावर हिंडवायचं, मग पुढचं बघू, असा बेत.

सोमवारी चार वाजता त्यांनी पंतांना आतल्या खोलीत आणून खुर्चीवर बसवलं. हॉलमधला टीव्ही उचलून आत लावला होता. पंत दोन्ही हातांनी खुर्ची धरून बसले, विमान अजून सुरूही झालेलं नव्हतं.

"घाबरायचं काही न्हाई. हे बघा, उड्डाणाचं सगळं आधी या फाईलीत लिहिलेलं असतं," बाईंनी फाईल उघडून दाखवली. साधी अक्षरं आणि आकडे. "ही पहिली ओळ, तेल किती भरायचं. मग कुठून निघायचं, किती वर जायचं, कुठं उतरायचं. यात लिहिल्याबाहेर विमान काही करत न्हाई."

फाईल म्हटल्यावर पंतांची मूठ जरा सैल झाली. चष्मा पुसून त्यांनी ती खालपासून वरपर्यंत न्याहाळली. "बरी लिहिलीस," म्हणाले. बाई चहा टाकायला गेल्या. कप घेऊन आल्या, शेजारी बसल्या, इंजिनं सुरू केली. डाकोटा लिंबाळ्याच्या माळावरून धावलं, उचललं, हिंगोलीची घरं खाली लहान लहान झाली. पंतांनी एक डोळा उघडला. आणि कयाधूवर पोचता पोचता डावं इंजिन खोकलं, मागोमाग उजवं, पंखे थांबले आणि विमान गप्पकन नदीच्या पात्रात.

पंत उठले, चहाचा कप उचलला आणि म्हणाले, "म्हणून म्हणून राहिलो, तू जा."

सरोजिनीबाईंच्या हातून असं कधी झालं नव्हतं. त्यांनी मॉडवाल्यांच्या शिस्तीप्रमाणं पहिलं काम काय केलं, तर ती फाईल रोजनाम्यासकट पुसून राखून ठेवलेली शुद्ध प्रत तिच्या जागी घातली. मग स्वतः उडवून बघितलं. डाकोटा नरसीला जाऊन, देवळाला फेरी घालून, शहाण्यासारखं परत आलं. मंगळवारी चार वाजता पंतांना पुन्हा बसवलं. चहा, इंजिनं, माळ, कयाधू, धप्प. बाईंनी पुन्हा शुद्ध प्रत घातली, पुन्हा उडवलं, पुन्हा बिनतक्रार उडालं. त्या बसल्या की उडतंय आणि पंत बसले की पडतंय, हे काय गौडबंगाल? दुसऱ्या कुणाचं असतं तर दोन मिनिटांत सांगितलं असतं. पण इथं नकाशा स्वतःचा आणि माणूसही स्वतःचा, त्यामुळं बाईंची अक्कल गहाण पडली. नकाशातच काहीतरी चुकलं असणार असं धरून त्यांनी कयाधूची दोन वळणं सरळ केली आणि काळजावर दगड ठेवून वडाची शंभर झाडं काढून टाकली.

बुधवारी सकाळी त्यांनी बुद्धभूषण खिल्लारेला बोलावलं. हा बाजारात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतो, चाळिशीचा, बायको नर्स, दोन मुलं, आणि अडलेलं काम गुपचूप फोनवर सरोजिनीमावशींना विचारून स्वतः नाव कमावणारा. त्यानं डबा उघडला, पार्ट काढून पुसून घातले, तासभर तपासलं.

"मावशी, रॅम बराबर हाय, कार्ड बराबर हाय. मशीनला काही तकलीफ न्हाई."

"मग पडून काहून राहिलं?"

"ते मी काय सांगू? तुमी जगाला सांगता अन् मला विचारून राहिल्या." डबा बंद करता करता तो पुढं म्हणाला, "मशीन आपल्या मनानं काही करत न्हाई, मावशी. कुणाचा तरी हात लागून राहिला."

"हात कुणाचा लागणार? घरात आम्ही दोघं," बाई म्हणाल्या आणि तो विषय तिथंच सोडला. बुधवारी चार वाजता डाकोटा तिसऱ्यांदा कयाधूत गेलं.

या खेपेला पंत उठले नाहीत. पडद्यावरच्या धुराकडं बघत हळूच म्हणाले, "सरोज, माझं नशीबच जमिनीवरचं आहे. का जीव आटवून राहिलीस?" त्यांचा आवाज इतका मऊ होता की बाईंना त्याचाच राग आला. त्यांनी सांगून टाकलं, "मला तुमच्याशिवाय जायचं न्हाई. एवढं कळत नसेल तर बसा इथं वरणभात करत." आणि कॉम्प्युटर तसाच टाकून स्वयंपाकघरात गेल्या. पुसापुशी नाही, शुद्ध प्रत नाही, काही नाही. रात्री ताटं वाढली ती दोघांनी न बोलता उचलली. झोपण्याआधी मोबाईलवरून त्यांनी फोरमवर चार वर्षांत पहिल्यांदा स्वतःची अडचण टाकली. विमान माझ्या हातून उडते, दुसऱ्या इसमास बसवल्यास पडते, तरी मार्गदर्शन व्हावे.

गुरुवारी सकाळी बघतात तर तेवीस उत्तरं. सगळ्यात वर तो पंखवाला ब्राझीलचा. त्यानं लिहिलं होतं, सर, लॉग वाचला का? वरून वाचा. पहिल्या ओळीपासून. खालच्या बावीस जणांनीही तेच लिहिलं होतं, आणि त्यातल्या कित्येकांना ते लिहिताना गुदगुल्या झाल्या असणार, हे बाईंना इकडं बसून दिसलं. त्यांनी कपाळावर हात मारला. खरंच की. तीन दिवसांत त्यांनी तो उघडलाच नव्हता, आणि आधीचे दोन तर त्यांच्याच शिस्तीनं पुसले गेले होते.

लॉग उघडला. पहिलीच नोंद होती, तेलाच्या ओळीत आकडा नाही, भलतीच अक्षरं आहेत, म्हणून टाकीत कमीत कमी तेल घातलं. पुढं ती भलती अक्षरं दिली होती, म्हणजे नुसत्या आडव्यातिडव्या टिंबांचा आणि टोप्यांचा कचरा. फोरमवरच्या कुणाही गोऱ्याला त्यातून जन्मात बोध झाला नसता. बाईंनी उड्डाणाची फाईल उघडली. तेलाची ओळ दुसऱ्या जागी सरकली होती. आणि तिच्या डोक्यावर, पानाच्या अगदी मधोमध, दोन्हीकडं दोन दोन दंड देऊन लिहिलं होतं, ॥ श्री ॥.

हे काम कुणाचं, हे विचारायची गरज नव्हती. दुधाच्या हिशेबाच्या वहीपासून वाण्याच्या यादीपर्यंत या घरातल्या कुठल्या कागदाला पंतांनी कोऱ्या माथ्याचं राहू दिलं नव्हतं.

पंत व्हरांड्यात पेपर वाचत होते. बाई समोर जाऊन उभ्या राहिल्या. "अहो, उड्डाणाच्या फाईलीवर तुम्ही श्री घातलंत?"

"घातलं," पंतांनी पेपर खाली केला. "तू चहाला गेलीस की घालायचो, ऑफिसात टाईप करायचो तसं. दुसऱ्या दिवशी बघावं तर पुसलेलं. म्हणलं, मशीन राखत नसेल. मग परत घालायचो."

"काहून पण?"

"कोऱ्या माथ्यानं कसं वर जायचं?" पंत म्हणाले. मग त्यांनी पेपरची घडी केली, ती उलगडली, परत केली. "मला भीती वाटते, सरोज. त्या खुर्चीत बसलं की घशाला कोरड पडते. पण तू एवढ्या हौसेनं बसवून राहिलीस, न्हाई कसं म्हणायचं? म्हणलं, वर नाव घालावं आणि बसावं."

बाईंना हसू आलं होतं, ते तिथंच विरलं. रविवारपासून त्या समजत होत्या की हा माणूस हटून बसलाय. आणि हा तर रोज चार वाजता घशाला कोरड घेऊन त्या खुर्चीत येऊन बसत होता. पडला, परत आला. पडला, परत आला. ज्यानं भर दसऱ्यात रहाटपाळणा थांबवला त्यानं त्यांच्यासाठी हे तीनदा केलं होतं, आणि त्या मात्र वडाची झाडं उपटत बसल्या होत्या. त्यांचे डोळे भरून आले. त्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या.

आता खरं सांगायचं कसं? तुम्ही नाव घातलंत म्हणून विमान पडलं, असं सांगितलं तर हा माणूस पुन्हा कधी पायरीवरसुद्धा चढणार नाही. बाईंनी थोडा विचार केला.

"तुमच्या ऑफिसात आवक नंबरच्या चौकोनात कुणी आपलं नाव लिहून आणलं तर काय करायचात?"

"परत पाठवायचो."

"का? नाव वाईट असायचं?"

"नाव कशाला वाईट? जागा चुकली." एवढं म्हणून पंत थांबले. हेडक्लार्कच तो, पुढचं त्याला सांगावं लागलं नाही. "पहिल्या ओळीत आकडा लागतो?"

"आकडाच लागतो. तेलाचा."

"मग मी तेल काढून घेऊन राहिलो होतो." ते स्वतःशीच मान हलवत राहिले. मग एकदम कामाच्या सुरात म्हणाले, "म्हणजे मजकुराला हरकत न्हाई. योग्य जागा कुठली ते सांग."

योग्य जागा बाईंना ठाऊक होती. विमानाचा रंग म्हणजे तरी काय, एक चपटं चित्र, डाकोट्यावर गुंडाळलेलं. पंतांनी पांढऱ्या कागदावर ठळक शाईनं श्री काढलं, आवडलं नाही म्हणून दुसरं काढलं. बाईंनी त्याचा फोटो घेतला, मागचा पांढरा कागद काढून टाकला आणि ते डाकोट्याच्या नाकावर नेऊन बसवलं. पहिल्यांदा ते उलटं उमटलं, दुसऱ्यांदा नाकावरून घसरून चाकावर आलं. पंत मागं उभं राहून सूचना देत होते. "वर घे. अजून वर. आता जरा डावीकडं." त्या खोलीत पंतांनी सलग दोन तास काढले, हे त्या दोघांच्याही ध्यानात आलं नाही. वडाची शंभर झाडंही त्याच बैठकीत परत लागली.

शुक्रवारी चार वाजता चहा आधीच पिऊन दोघं बसले. डाकोटा माळावर उभं, नाकावर पंतांचं अक्षर. इंजिनं सुरू झाली, विमान धावलं, उचललं. पंतांनी खुर्ची धरली होती, पण डोळे उघडे होते. कयाधू आली. कयाधू मागं गेली.

नरसीच्या देवळावरून विमान गेलं तेव्हा पंतांनी हात जोडले. सेनगावकडं वळलं तेव्हा ते पुढं सरकून बसले. गोरेगाव दिसायला लागलं तसा त्यांनी एक हात सोडला आणि पडद्याकडं बोट केलं. "मारुती तिकडं न्हाई, सरोज. रस्त्याच्या उजवीकडं आहे. तू डावीकडं काढलास."

"करते दुरुस्त."

"आणि ही विहीर कुणाची? इथं विहीर न्हाई." त्यांनी आणखी चार चुका काढल्या. बाईंनी त्या कागदावर लिहून घेतल्या. त्यांना त्या दिवशी चुका काढून घेण्यात फार गोडी वाटत होती. विमान परत फिरलं, माळ जवळ आला, चाकं टेकली, एक हलकी उसळी घेऊन डाकोटा उभं राहिलं. पंतांनी दुसरा हातही खुर्चीवरून काढला आणि धोतराला पुसला.

मग पडद्यावरच्या श्रीकडं बोट करून म्हणाले, "खऱ्या विमानाच्या नाकावर असं काही नसतं."

"नसतं," बाई म्हणाल्या. खोटं बोलून पंतांना न्यायचं त्यांच्या मनात नव्हतं.

"मला पडायची भीती तितकी न्हाई. पण वर गेल्यावर आपल्या हातात काहीच राहत न्हाई."

"न्हाई राहत. पण ते निघायच्या आधी खाली कुणीतरी बसलेलं असतं. तेल किती, काय बिघडलं होतं, ते नीट झालं का, एकेक ओळ वाचतं. सगळं बराबर असल्याशिवाय सोडत न्हाई."

"कोण असतं ते?"

"असतं कुणीतरी. माझ्यासारखंच."

पंतांनी मान वळवून बायकोकडं बघितलं. घसरलेला चष्मा, बोटाला शाई, समोर चुकांचा कागद. चार वर्षं ही बाई या खोलीत काय करत होती, हे त्यांना आत्ता कुठं दिसत होतं. ते उठले, हॉलमध्ये गेले, फोन शोधला आणि केतकीला लावला.

"केतकी, दोन काढ," ते म्हणाले. पलीकडून काहीतरी मोठ्यानं बोलणं चाललं होतं. त्यांनी ते शांतपणं ऐकून घेतलं. "न्हाई गं. जबरदस्ती कुणी केली न्हाई. तुझ्या आईनं तपासलंय."